सळईवरून उतरलेला कागद

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. लाकडी ठोकळ्यावर उभी, वर टोकदार. हिंगोलीतल्या एका छोट्या दैनिकाच्या ऑफिसात, संपादक संपतरावांच्या टेबलावर माझा मुक्काम. जी बातमी छापायची नाही, तिचा कागद माझ्या टोकात खुपसायचा, असा इथला रिवाज. लोहाराने मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, कुठंतरी मानाचं काम मिळेल. मिळालं हे!

संपतराव माणूस भला, पण पहिल्या दोन ओळी वाचून निकाल लावायचे. पुढाऱ्याचा वाढदिवस असला की पानभर जागा. खेड्यातलं पत्र आलं की माझ्या डोक्यात खच्‌कन.

गेल्या उन्हाळ्यात हट्ट्याकडच्या एका वस्तीवरून पंचफुलाबाईंनी सकाळच्या एसटीने पत्र पाठवलं. बाई शेळ्या पाळतात. त्यांच्या दोन शेळ्या आदल्या दिवशी मेल्या होत्या. पानभर त्यांनी शेळ्यांची नावं, वय, दूध, स्वभाव, सगळं लिहिलं होतं.

"शेळ्या मेल्याची कुठं बातमी असते व्हय?" संपतराव म्हणाले आणि कागद माझ्यात घुसला. मलाही ते बराबर वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी उपसंपादक सरिता रद्दीसाठी कागद उपसू लागली. गठ्ठा उलटा पडला आणि त्या पत्राची मागची बाजू वर आली. तिथं एवढंच होतं: 'शेळ्या टाकीखालचं सांडलेलं पाणी पेल्या व्हत्या. उद्या तेच पाणी नळाला सुटणार हाय. सरपंच ऐकंना. लेकरं पितीन.'

"सर, मागचं वाचलं न्हाई का तुमी?"

संपतरावांचा चेहरा पडला. "आधी सरपंचाला फोन लाव. बातमी मागून."

पेपरवाल्यांचा फोन म्हटल्यावर सरपंच स्वतः टाकीवर गेले. आत फवारणीच्या औषधाचा फुटका डबा निघाला. नळ बंद राहिले, टाकी धुतली गेली, पंचफुलाबाईंची बातमी शेळ्यांच्या नावांसकट पहिल्या पानावर आली. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू! तो कागद माझ्यावरच राहिला असता तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

म्हणून विनवते, मित्रांनो, कुणाचंही लिहिणं शेवटपर्यंत वाचा. मग खुशाल माझ्या डोक्यात खुपसा.

दोन दिवसांनी पंचफुलाबाईंचा फोन आला. "समदी लेकरं खेळून राहिलीत साहेब. कुणाला काईच झालं न्हाई. हे बी छापता का?"

"न्हाई बाई," संपतराव डोळे पुसत म्हणाले, "काहीच झालं न्हाई, हे कुणी छापत नसतं."