मधली खुर्ची

मानवी डोळा गोल आहे, तेव्हा पाहायचा पडदाही वक्रच हवा. हा निसर्गाचा नियम आहे. मला तो टीव्हीच्या दुकानातल्या विक्रेत्याने सांगितला. त्याआधी तो गाद्या विकायचा.

मी वक्र टीव्ही घेतला. जुना सपाट टीव्ही मेहुण्याला देऊन टाकला. वर "तुला चालेल रे, आमची नजर आता सोकावली," असंही म्हणालो. वक्र पडद्याची खरी मजा बरोबर समोर बसणाऱ्यालाच येते, असं विक्रेता म्हणाला होता. म्हणून समोर माझी खुर्ची आली. बायकोचा पडदा तिच्या हातातच असतो. बाबा कोपऱ्यात.

"बाबा, फरक जाणवतो ना?" मी अधूनमधून विचारायचो.

"जाणवतो की."

फुटबॉल म्हणजे बाबांचा जीव की प्राण. हल्ली मात्र ते "गोल!" असं ओरडायचे ते आम्ही ओरडल्यावर. वय झालं, असं मी चारचौघांत हसून सांगायचो.

रविवारी भर दुपारी मेहुणा सामना बघायला आला.

"भाऊजी, पैसे मोजून वाकडा टीव्ही आणलात! भिंतीला पाठ तरी टेकते का त्याची?"

"तू बस तर खरा," म्हणत मी त्याला मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाबांच्या शेजारी टेकलो. त्या कोपऱ्यात मी पहिल्यांदाच बसत होतो.

पडद्यावर आमची खिडकी चमकत होती. गजांसकट, धनुष्यासारखी ताणलेली. तिच्या मागे कुठेतरी सामना चालू असावा.

मेहुणा उसळला. "गोल! काय दिसतं हो भाऊजी! हरलो मी, मानलं तुम्हाला!"

"गोल!" बाबा म्हणाले.

मी हळूच विचारलं, "बाबा, दिसलं तुम्हाला?"

"ऐकू येतं ना."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने आणलास. कशाला विरजण घालायचं?"

मी वाद जिंकला होता. मेहुणा माझं तोंडभरून कौतुक करत होता आणि मी जमिनीवरच्या फरश्या बघत होतो. तेवढंच तिथून स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या रविवारी अंतिम सामना होता. मधली खुर्ची मी बाबांसाठी पुसून मोकळी ठेवली आणि त्यांना हाक मारली.

बाबा मेहुण्याकडे गेले होते. तिथे आमचा जुना टीव्ही आहे.