मुकीची सायकल बोलते तेव्हा

दचकू नका. लाँड्रीच्या मागच्या भिंतीला टेकून जी काळी सायकल उभी आहे ना, तीच मी. बोलते आहे ती मीच. जरा जवळ या, कारण आवाज चढवून बोलणे मला जमत नाही. मी बोलायला शिकले तेच मुळी एका गप्प मुलीकडून.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळ्या जोडताना ठिणग्या उडत होत्या, तेव्हा मला वाटले, जग म्हणजे असेच झगमगणारे काहीतरी असणार. मग अंगावर काळा रंग चढला, चाके आली आणि दुकानाच्या काचेमागे नुसते बाहेर बघत राहण्याचे दिवस आले. माझी पहिली मालकीण शाळेत चित्रकला शिकवायची. ती मला रोज पुसायची आणि चढ आला की खाली उतरायची. "तुलाही दम लागत असेल," असे म्हणून मला हाताने धरून चालायची. तिची बदली झाली आणि मी या लाँड्रीत आले.

लाँड्री आत्याची. ती खरी आत्या एकट्या मुकीची, म्हणजे त्याच गप्प मुलीची, पण सारी गल्ली तिला आत्याच म्हणते. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचे लांब टेबल, त्यावर जळल्याचे डाग पडलेली जाड चादर, आणि दिवसभर वाफ. आत्याने मला कामासाठी घेतले खरे, पण तिचे गुडघे दुखायला लागले आणि माझे काम सुटले. हँडलवर ओले टॉवेल आले, सीटवर हँगरांचा ढीग. चाकातली हवा गेली ती कोणी भरली नाही. सायकल असून मी कपडे वाळत घालायची दोरी झाले.

मग मुकी आली. तिचे आईवडील नोकरीसाठी दूरच्या शहरात गेले आणि तिला आत्याकडे ठेवले. 'मुकी' हे नाव वर्गातल्या मुलींनी पाडले होते. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. ती सकाळी कॉलेजात जायची आणि दुपारी शर्टांची बटणे लावायची. एके दिवशी माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आत्या, मी सायकलवरून कपडे पोचवू?"

"ही सायकल?" आत्या हसली. "अगं, ती उभी आहे तेच उपकार समज!"

समोर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. तिथल्या तरुणाच्या खांद्यावर नेहमी एखादी ट्यूब लोंबत असायची, म्हणून त्याला सगळे टायर म्हणत. मुकी त्याला टायरदादा म्हणू लागली. त्याने माझी चाके सरळ केली, ब्रेक बसवले, चेन धुतली. पायडलच्या मधल्या कण्यातला एक छर्रा, म्हणजे बेअरिंगमधली बारीक गोळी, तेवढा फुटलेला होता. "तो पुढं कधीतरी बदलू," तो म्हणाला.

त्या फुटक्या छर्‍याने मला आवाज दिला. डावे पायडल खाली गेले की कर्र्, उजवे गेले की टक्. रस्त्यावर लोक वळून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. नव्या नव्या सायकली शेजारून सुळ्ळकन जायच्या, आणि मी आपली कर्र् टक्, कर्र् टक्.

पण काही दिवसांनी मला कळले, की वर सीटवर कोणीतरी पुटपुटते आहे. मी कान दिला. मुकी बोलत होती! कर्र् आणि टक् यांच्या मधल्या जागेत ती एकेक शब्द ठेवत होती, आत्या घडीत घडी ठेवते तशी. शब्द जागेवर बसला नाही तर काढून पुन्हा बसवत होती. चढावर माझी कर्र् लांबली की तिची ओळही लांबायची. उतारावर दोघींची घाई व्हायची.

तुझ्या कॉलरचा ताठा, तो माझ्या हातचा
तुझ्या घडीचा काठ, तो माझ्या हातचा
तू मिरवतोस चौकात, मी दारात उभी
नाव नाही विचारलंस, विचारलंस, "कपडे कधी?"

मी लोखंडाची. मला घाम येत नाही, डोळे भरत नाहीत. पण त्या दिवशी माझ्या आऱ्याआऱ्यातून काहीतरी सळसळत गेले. दारादारांत खाली मान घालून कपड्यांचा गठ्ठा पुढे करणारी ही मुलगी, आणि तिच्या पोटात हे एवढे सगळे?

टायरने ते एकदा ऐकले. तो थक्कच झाला. रविवारी सकाळी तिला घेऊन जायला लाँड्रीत हजर.

"कुठं निघालात?" आत्याने विचारले.

"आत्या, आमचा एक ग्रुप आहे. आम्ही अंडरग्राउंड आहोत."

"भूमिगत?" आत्याच्या हातातली इस्त्री वरच राहिली. "काय करून बसलास रे मेल्या? पोलीस मागे आहेत का?"

"तसं नाही हो! अंडरग्राउंड हिपहॉप. म्हणजे आमची गाणी रेडिओवर लागत नाहीत, कंपन्या काढत नाहीत."

"मग सरळ सांग ना, गाणी चालत नाहीत म्हणून!"

मोठ्या रस्त्याच्या पोटातून पलीकडे जाणारा एक भुयारी रस्ता होता, तिथे ही मंडळी जमत. आत गेले आणि मी बघतच राहिले. भिंतीला रांगेने सायकली. बिनगिअरच्या, उंच हँडलच्या, पाइपच्या तुकड्यांतून घरी जोडलेल्या. कोणाच्या चेनकव्हरवर रंगाने स्वतःची ओळ लिहिलेली, कोणाच्या आऱ्यांत रंगीत नळ्या ओवलेल्या. टायरच्या सायकलच्या कॅरिअरवर जुन्या रबराने आवळलेला स्पीकर. मला वाटत होते, सायकल म्हणजे इकडून तिकडे नेणारी वस्तू. इथे ती माणसाची सही होती.

त्यांचा नियम एकच होता. जो पायडल मारत येईल, त्यानेच बोलायचे. इंजिनावर बसून येईल, त्याने नुसते ऐकायचे. टायर म्हणे, "छाती भरून आली नसेल तर ओळ पोकळ येते."

भुयाराच्या तोंडाशी, वर रस्त्यावर, एक प्रचंड फलक होता. त्यावर वादळ नावाच्या प्रसिद्ध रॅपरचा चेहरा, गळ्यात साखळ्या, मागे मोटार. त्याची गाणी लग्नाच्या हॉलात, दुकानांत, रिंगटोनमध्ये, सगळीकडे. त्याच्यासारख्यांना ही मंडळी 'वरचे' म्हणत आणि स्वतःला 'खालचे'. खालचे असण्याचा त्यांना कोण अभिमान!

मुकीची पाळी आली. एवढे चेहरे बघून तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग तिने मला स्टँडवर चढवले, भिंतीकडे तोंड करून सीटवर बसली आणि जागच्या जागी पायडल मारू लागली. कर्र् टक् भुयारात घुमली. ज्या आवाजाची मला लाज वाटे, तो तिथे ढोलासारखा वाजला. आणि त्यावर मुकीच्या ओळी. संपल्या तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी आपापल्या सायकलींच्या घंट्या वाजवल्या. मला घंटी नव्हती, नाहीतर मीही वाजवली असती.

असे कितीतरी रविवार गेले. मग एका रविवारी भुयाराच्या तोंडाशी लांबलचक मोटार थांबली आणि फलकावरचा चेहरा चालत आत आला. वादळ! फलकावर होता त्यापेक्षा बुटका निघाला.

टायरने वाट अडवली. "वादळभाऊ, गाडीतून आलात. नुसतं ऐकायचं."

बरोबरचा माणूस फिस्कारला, "कोणाशी बोलतोयस कळतंय का?"

"गप रे," वादळ म्हणाला. "नियम माझ्या वेळचाच आहे. सायकल द्या कुणीतरी."

मुकीने मला पुढे केले. पुष्कळ वर्षांनी सायकलवर बसला होता तो. हँडल असे आवळले, की माझा जीव घाबरा झाला. एकदा कुंपणाला धडकलो, एकदा भाजीच्या गाडीला. पण चौकाला वळसा घालून परतताना त्याची पकड सैल झाली, आणि तो वाऱ्यात मोठ्याने हसला. धापा टाकत चार ओळी बोलला. मग मुकीच्या ओळी ऐकल्या.

"माझ्या नव्या गाण्यात ह्या ओळी हव्यात," तो म्हणाला. "तुझ्याच आवाजात. येशील?"

तो गेल्यावर भुयारात भांडणाला तोंड फुटले. टायर सर्वांत चिडला. "गेलीस की वरची झालीस! आधी ओळ बदलतील, मग आवाज बदलतील, मग तुलाच."

मुकी बोलली. एवढे लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. "दादा, ज्यांच्या दारात मी कपडे घेऊन उभी राहते ना, ते या भुयारात कधीच उतरणार नाहीत. ओळी त्यांच्यासाठी आहेत. त्यांना ऐकू जायला नको?"

टायर आपली सायकल काढून निघून गेला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मुकी अजून उठायची होती, तेवढ्यात तो हत्यारांची पिशवी घेऊन मागच्या दाराशी आला. तोंड रुसलेले, पण हात रुसले नव्हते. त्याने माझा कणा उघडला, सगळे छर्रे नवे घातले, ग्रीस भरले, मला चकचकीत पुसले. मुकी बाहेर आली तसा म्हणाला, "मोठ्या ठिकाणी जातेयस. म्हटलं, नीट जावीस. मीपण येतो."

गल्लीच्या वळणावरच मुकीला कळले. कर्र् नाही. टक् नाही. मी लोण्यासारखी चालत होते आणि सीटवर बसलेली मुलगी दगडासारखी जड झाली होती. टायर शेजारून अभिमानाने बघत होता. त्याला सांगायचा धीर तिला झाला नाही.

स्टुडिओच्या भिंती गादीसारख्या मऊ होत्या. आवाजाला टेकायला तिथे जागाच नव्हती. वादळने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून रेकॉर्डिंगवाल्या ताईंनी मला आत नेले, स्टँडवर लावले, माझ्या पायडलजवळ माइक ठेवला. मुकीने पायडल मारले. शांतता.

"ती कर्र् कुठं गेली?" वादळने विचारले.

मुकी खाली बघत राहिली. टायरचा चेहरा खर्रकन उतरला. "मी... मी छर्रे बदलले. मला वाटलं..." नवे छर्रे घातलेली सायकल बिघडली, असे सांगायची वेळ जगात दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीवर आली नसेल.

"त्यात काय!" ताई म्हणाल्या आणि वादळला विचारत विचारत त्यांनी संगणकावर माझा आवाज तयार केला. हुबेहूब, पण घड्याळासारखा एकसारखा. त्याला ना चढ ठाऊक, ना उतार. मुकी सुरुवात करायची आणि अडायची. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडणे. कंपनीचे साहेब कोपऱ्यात बसले होते. ते वादळला म्हणाले, "पोरगी गुणी आहे, पण ओळी दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेऊ. तिचं नाव देऊ ना खाली."

मुकीने ते ऐकले. ती सीटवरून उतरली, मला स्टँडवरून काढले आणि हाताने धरून दाराकडे निघाली. सगळ्यांना वाटले, चालली रडत घरी. दारात ती वळली.

"इथं जवळ चढ कुठं आहे?"

इमारतीमागे उड्डाणपुलाचा चढ होता. ताईंनी तिच्या कॉलरला छोटा माइक लावला. वादळने रखवालदाराची सायकल मागून घेतली, रेकॉर्डर गळ्यात अडकवला आणि आमच्या शेजारी आला. आम्ही चढू लागलो. पहिल्या टप्प्यावर मुकी गप्प. चढ उभा झाला. तिचा श्वास वाजू लागला. आत, बाहेर, आत, बाहेर. आणि त्या श्वासावर पहिली ओळ आली.

काय सांगू तुम्हाला! इतके दिवस मी समजत होते, की ताल मी देते. माझीच कर्र् मला इतकी मोठी ऐकू येत होती, की त्या आवाजाखाली मुकीचा श्वास चालला आहे, हे मला कळलेच नव्हते. मी गप्प झाले, तेव्हा मी तिला पहिल्यांदा ऐकले. पुलाच्या माथ्यावर शेवटची ओळ संपली. वादळ घामाने निथळत होता आणि रेकॉर्डर दोन्ही हातांत धरून उभा होता, कोणाचे तरी बाळ धरावे तसा.

साहेबांनी ऐकले. "फारच छान! तेवढ्या धापा काढून टाका."

"नाही," मुकी म्हणाली.

"काय?"

"श्वास काढलात तर त्या ओळी माझ्या राहत नाहीत. मग ओळीही काढा."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण त्या मऊ भिंतींच्या खोलीत तो कोपऱ्यापर्यंत पोचला. साहेबांनी वादळकडे पाहिले. वादळ खाली बघत म्हणाला, "माझ्या पहिल्या गाण्यातही धापा होत्या. मी काढू दिल्या." मग त्याने मान वर केली. "हिच्या राहू द्या."

गाणे अल्बमच्या अगदी शेवटी टाकले गेले. फलकावर मुकी आली नाही. भुयारातले काही जण अजून तिला 'वरची' म्हणून चिडवतात. टायर त्यांच्याशी भांडतो.

परवा कपडे पोचवताना आम्ही चौकात सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक मोटार, काच खाली. आत ऑफिसला निघालेली कोणी बाई, आणि ते गाणे चालू. बाईंचे ओठ हलत होते. "नाव नाही विचारलंस" म्हणून झाले आणि पुढचे शब्द यायच्या आधी, जिथे मुकीने पुलावर श्वास घेतला होता, नेमका तिथेच त्या बाईंनीही श्वास घेतला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मुकीने पाहिले. तिचा पाय पायडलवरच थबकला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी ती हलेना. "आत्या रागावेल, चल," असे मला म्हणावेसे वाटत होते. पण मलाच कुठे हलवत होते?

आता मी जुनी झाले आहे. रंग उडाला आहे, मागचे टायर घासून गुळगुळीत झाले आहे. मला मखरात बसवू नका, नवा रंगही नको. एवढेच करा, कधी गाणे ऐकाल तेव्हा दोन शब्दांच्या मध्येही कान ठेवा. तिथे कोणीतरी चढ चढत असते.