तिन्ही मशिनींवर एकच आकडा

हिमानीनं फ्रीजचा प्लग काढला, एक्झॉस्ट बंद केला आणि डिशवॉशर अर्ध्यात थांबवला. स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. मग तिनं डायनिंग टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला.

"हं, बोल आता. तुझ्याकडे टाचणी पडली तरी मला ऐकू येईल."

"टाचणी कशाला, इथं माझा घाम पडतोय," शंतनू म्हणाला.

मिशिगनच्या नोव्हाय गावातल्या त्यांच्या अपार्टमेंटपासून बारा मैलांवर गाड्यांच्या आवाजाची एक लॅब होती. शंतनू तिथं नव्या गाड्यांत बसून कुठे काय खडखडतं ते शोधायचा. नवरा दिवसभर करकर ऐकतो आणि महिन्याला पगार आणतो, तेव्हा घरी मी कितीही बोलले तरी त्याला सवय आहे, असं हिमानी नागपूरला फोनवर सांगायची. लॅबमध्ये डॅशबोर्डाचा आवाज रेकॉर्ड व्हायचा आणि खडखड नेमकी किती हर्ट्झला आहे ते कॉम्प्युटर काढून द्यायचा. घोडं अडलं होतं ते कॉम्प्युटरपाशीच. लॅबमध्ये तीन मशिनी होत्या आणि तिन्हींवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या तीन आवृत्त्या. सगळ्यात जुनीवर दोन पॉइंट दोन, म्हणजे लॅबच्या बोलीत दोन-दोन, होती. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मधलीवर दोन-तीन आणि जानेवारीत आलेल्या नवीवर दोन-चार. आवाज वाचणारी विकतची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, फक्त जुनीवर चालायची. तीन तिघाडा, काम बिघाडा.

म्हणून हिमानीनं या टेबलावर बसून दहा आठवड्यांत नवी लायब्ररी लिहिली. मूळ प्रोग्राम एकच. प्रत्येक मशिनीवर तो तिथल्या आवृत्तीसाठी वेगळा बिल्ड करायचा, म्हणजे तिला चालेल अशा रूपात बांधून घ्यायचा, की झालं. लग्नाआधी पुण्यात पाच वर्षं ती हेच काम करत होती. इथं तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, म्हणून तिनं लायब्ररी कुणीही फुकट घ्यावी अशी ठेवली होती.

आणि तिच्यावर नाव शंतनूचं जाणार होतं. हे रविवारी रवीकाकांच्या बेसमेंटमध्ये ठरलं. रवीकाका किडनीचे डॉक्टर. पण एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून मिशिगनमध्ये असल्यामुळे व्हिसा, विमा, घराचं छप्पर आणि दुसऱ्यांच्या सुनांची बाळंतपणं, सगळ्यांत त्यांचा शब्द शेवटचा. "डिपेंडंट व्हिसावर आहेस ना तू? मग फुकट केलंस तरी काम ते काम. नाव कुठे दिसता कामा नये," असं ते भरताची वाटी पुढे सरकवत म्हणाले. शंतनू घाबरला. हिमानी "बरं" म्हणाली. गेली चार वर्षं ती पुष्कळ गोष्टींना बरं म्हणत आली होती, पण हे 'बरं' तिला फार लागलं. दोन दिवस ती शंतनूशी धड बोलली नव्हती.

आज मात्र राग धरायला सवड नव्हती. एक वाजता शंतनूची बॉस लिंडा खरेदीवाल्यांसोबत बसणार होती. तोवर तिन्ही मशिनींवर एकाच रेकॉर्डिंगचा एकच आकडा आला तर लॅब हिमानीची लायब्ररी घेणार. नाहीतर पुन्हा विकतची. साडेबारा वाजले होते.

"जुनी रन करतोय," शंतनू म्हणाला. "दोनशे अठरा!"

"यस्!" हिमानीनं टेबलावर थाप मारली. "दुसरी?"

"थांब गं. दुसरी... दोनशे अठरा! सेम!"

तिकडे मागून कुणीतरी शिट्टी मारली. हिमानी खुर्चीत मांडी घालून बसली, मग उठली, मग परत बसली.

"तिसरी?"

तिकडून नुसती कीबोर्डची टकटक आली.

"मेली," शंतनू म्हणाला.

"म्हणजे? एरर काय देतेय?"

"एररच नाही ना यार. प्रोग्राम सुरू झाला आणि खल्लास."

पाठीमागे लिंडाचा आवाज आला. वीस मिनिटं आहेत, ती शांतपणे म्हणाली. दहा आठवड्यांतली एकेक ओळ हिमानीच्या डोळ्यांपुढून सरकायला लागली.

"पुन्हा बिल्ड कर."

"केलं."

"आता? बोलता बोलता?"

"हो, झालं की."

"आणखी एकदा कर. आणि फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डजवळ ठेव."

तिनं डोळे मिटले. शंतनू दोन बोटांनी टाइप करायचा, चार टकटक आल्या, मग एंटरचा जाड आवाज आणि त्याला चिकटूनच "झालं."

हिमानीनं डोळे उघडले.

"शंतनू, माझ्या लॅपटॉपवर याला चाळीस सेकंद लागतात. तुझी मशीन नवी आहे, पंचवीस धर. तुला श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही. तिथं बिल्ड झालंच नाहीये, ती मशीन नुसतं काम केल्याचं सोंग करतेय."

"असं कसं?"

"फोल्डर कुठून आणलंस?"

"मधल्या मशीनवरून. पेन ड्राइव्हवर टाकून. तिथं सगळं तयारच होतं, म्हटलं पुन्हा पहिल्यापासून कशाला..."

हिमानीला हसू आवरेना. हा माणूस आहेरावरचे कागद इस्त्री करून ठेवायचा आणि पिझ्झाबरोबर आलेल्या मिरचीच्या पुड्या ड्रॉवरमध्ये जमवायचा. तयार झालेलं टाकून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मूळ प्रोग्रामसोबत त्यानं दोन-तीनसाठी बिल्ड केलेले तुकडेही उचलून आणले होते. नव्या मशिनीनं ते पाहिले, काम झालेलंच आहे असं समजून घेतलं आणि तेच शिळं दोन-चारच्या ताटात वाढलं.

"फोडणीची कढई न धुता खीर केलीस तू! आधी ते तुकडे उडव. 'मेक क्लीन' टाइप कर. मग 'मेक'."

"सगळे उडवू? नक्की?"

"सगळे. जीव कठीण कर."

टकटक झाली. एंटर झाला. या वेळी शंतनू "झालं" म्हणाला नाही. फोनमधून मशिनीचा पंखा हळूहळू वर चढत गेलेला हिमानीनं ऐकला. आता तिथं खरंच काहीतरी घडत होतं. ती मनात आकडे मोजत होती. एकोणतीसला पंखा खाली आला.

"रन करतोय," शंतनू म्हणाला. "हिमानी... दोनशे अठरा."

"पॉइंट?"

"पॉइंट चार. तिन्हीवर पॉइंट चार!"

तिकडे टाळ्या पडल्या. इकडे हिमानी सॉक्स घातलेल्या पायांनी स्वयंपाकघरभर नाचली, सिंकवर आपटली, तरी थांबली नाही. एवढा आनंद तिला या देशात आल्यापासून झाला नव्हता. विमानातून उतरतानासुद्धा नाही.

"फॉर्म भरून टाकू," लिंडा म्हणत होती. बाहेरचं सॉफ्टवेअर लॅबमध्ये बसवायचं तर लिहिणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लागायचा, अडचण आली तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून.

"मी भरतो," शंतनू म्हणाला.

हिमानी जिथं होती तिथंच उभी राहिली. कागदाची सळसळ आली. पेनाचं बटन दाबल्याचा आवाजही आला. फ्रीज बंद असल्यामुळे सगळंच ऐकू येत होतं.

"एक सांग," लिंडानं त्याला विचारलं, "वर मला विचारतील. बिघडलं होतं काय? आणि एरर का आली नाही? उद्या कुणी हीच चूक केली तर?"

"अॅक्चुअली, ते जुने तुकडे... म्हणजे, व्हर्जनमुळे..." शंतनूनं घसा खाकरला. सासूबाईंना भाजीत मीठ कमी आहे हे सांगण्याआधीही तो असाच खाकरायचा.

ठरल्याप्रमाणे आता हिमानीनं गप्प राहायचं होतं. पण उत्तर तिला पाठ होतं. ती फोनवर वाकली आणि इंग्रजीत बोलू लागली. प्रत्येक तुकड्यावर एक खूण असते, ती म्हणाली. त्या खुणेवरून पायथन आपला कोण नि परका कोण ते ओळखतो. दोन-दोन आणि दोन-तीनची खूण वेगळी, म्हणून तिथं लगेच ओरड होते. दोन-तीन आणि दोन-चारची खूण मात्र एकच आहे, म्हणून परका बिनबोभाट आत शिरतो. यापुढे लायब्ररी स्वतःच तपासेल आणि चुकीच्या घरात असेल तर पहिल्या ओळीतच सांगेल. आज संध्याकाळपर्यंत ते लिहून होईल. पुढची आवृत्ती आली तरी तुमचं काम अडणार नाही.

बोलणं संपल्यावर तिच्या ध्यानात आलं की ती एकदाही अडखळली नव्हती. पुण्याच्या ऑफिसात ती अशीच बोलायची.

फोनमध्ये पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"हे कोण बोलतंय?" लिंडानं विचारलं.

हिमानीला व्हिसा आठवला, शंतनूची नोकरी आठवली, भरताची वाटीसुद्धा आठवली. रविवारी बरं म्हटलं होतं. आता जे काय सांगायचं ते त्यानं सांगायचं.

शंतनूनं पुन्हा घसा खाकरला.

"लिंडा, मला दुसरा फॉर्म दे," तो म्हणाला. "हा मी चुकीचा भरला."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी खुर्ची ओढली. मग शंतनूचा आवाज अगदी जवळून, सगळ्यांच्या देखत, मराठीत आला.

"हिमानी, तुझ्या डिग्रीवर आहे तेच नाव लिहू ना?"

तिनं पदरासारखी ओढणी पुढे घेतली, डोळे पुसले आणि आवाज सरळ केला.

"तेच. पूर्ण लिही."