शेंदरी ठिगळ

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेत ना, त्यांनीही पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. देवाचं नाव घेऊन आज एका बोटीची गोष्ट सांगतो. बोट केव्हाच समुद्राच्या तळाला गेली, पण तिच्या अंगावरचं एक ठिगळ एका माणसाच्या काळजाला चिकटून राहिलं होतं. ते कसं सुटलं, ते ऐका.

आमच्या समोरच्या दारात तिघं राहतात. तात्या, त्यांची लेक आणि जावई. तात्या नव्वदीला टेकलेले. ऐन तारुण्यात, लढाईच्या काळात, ते एका लहानशा युद्धनौकेवर खलाशी होते. शत्रूच्या पाणबुडीने ती बोट बुडवली, थोडे वाचले, त्यांत तात्या. लेकीला एवढंच ठाऊक. तात्या तसे गप्पिष्ट. जिन्यात भेटले तर भाजी थंड होईतो सोडायचे नाहीत. पण बोटीचा विषय निघाला की त्यांना एकदम झोप यायची. आणि वर्षातून एकदा, बोट बुडाली त्या तारखेला, एका बाईंचा फोन यायचा. तात्या आहेत का? तात्या शेजारच्याच खुर्चीत बसून हाताने खूण करायचे, झोपलोय म्हणून सांग. लेक बिचारी वर्षानुवर्षं ते खोटं सांगत आली. कोण बाई, काय नातं, हे विचारायची सोय नव्हती.

जावई म्हणजे कवळ्या करणारा माणूस. सगळी नोकरी दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेली. खऱ्या दातांशेजारी खोटा दात ओळखू येऊ नये, एवढंच काम, आणि त्यासाठी पांढऱ्या रंगाच्या नाना छटा डोळ्यांत भरून ठेवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या डोळ्यांना उद्योग हवा म्हणून ते छोट्या बोटी करू लागले. तेव्हा लेक म्हणाली, "करायचीच तर आमच्या तात्यांची बोट करा. बोलत नाहीत ते नाहीत, निदान बघतील. नजर आहे तोवर."

खरं होतं ते. तात्यांचा एक डोळा गेलाच होता आणि दुसऱ्याची डॉक्टर खात्री देत नव्हते.

झालं, जावयांनी मनावर घेतलं. बोटीचा आराखडा मिळाला, हातभर लांबीचा सांगाडा उभा राहिला, तोफा बसल्या. घोडं अडलं ते रंगापाशी. त्या बोटीचे फोटो मोजके, आणि सगळे काळेपांढरे. राखाडी रंग, हे तर कुणीही सांगेल. पण कुठला? निळ्याकडे झुकणारा की हिरव्याकडे? लढाईत बोटी लांबून नीट ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर गडद आणि फिके पट्टे ओढत, ते नेमके कुठून कुठवर? नंबरचा पांढरा आकडा केवढा, त्याची शेपटी गोल की तुटक? संग्रहालयाला विचारून झालं, बोटी करणाऱ्या मंडळींशी फोनवर भांडून झालं. आइस्क्रीमच्या काड्यांना छटा फासून ते खिडकीत ओळीने वाळत ठेवायचे, आणि दिवसाच्या प्रत्येक उजेडात बघायचे. लेक वैतागली. मला म्हणाली, आमच्या भिंतींचे पोपडे पडताहेत, त्यांना कुठला रंग द्यायचा ते ह्यांचं ठरत नाही, आणि बुडलेल्या बोटीवर मात्र दहादा हात फिरवून झाला.

मग संग्रहालयाने एक फोटो पाठवला. बोट शेवटची निघाली त्या सकाळी कुणा हौशी माणसाने धक्क्यावरून काढलेला. त्यात पुढच्या टोकाजवळ, नंबरच्या आकड्याखाली, गडद असा एक चौकोन दिसत होता. दुसऱ्या कुठल्याच फोटोत तो नव्हता. जावई हरखले. पट्ट्यांची नक्षी शेवटी शेवटी बदलली होती तर. त्यांनी चौकोन गडद निळसर राखाडी रंगवला, बारकाईने कडा मिळवल्या, आणि त्या फोनची तारीख जवळ आलेली असताना बोट तात्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

तात्या आधी बघेनातच. लेकीने खुर्ची फिरवून दिली. मग चांगला डोळा बोटीला जवळजवळ टेकवून त्यांनी ती मागून पुढे बघत आणली. पुढच्या टोकाशी थांबले.

"हे चुकलंय," म्हणाले. "इथे शेंदरी होतं."

जावयांनी आदबीने फोटो दाखवला. बघा तात्या, गडद आहे. शेंदरी असतं तर फिकं दिसलं असतं. तात्यांचा आवाज चढला.

"जावईबापू, तुम्ही फोटो बघितलाय. तो रंग मी लावलाय."

आणि इतक्या वर्षांनी ते बोलले. बोटीला तिथे गंज धरला होता. दोरांनी फळी खाली सोडून तात्या आणि त्यांचा दोस्त ती जागा खरवडायला उतरले. दोस्ताला सगळे बासरीवाला म्हणत. फळीवर पाय हलवत बसला तरी खिशातून बासरी निघायची. गंज खरवडला, त्यावर गंजरोधक शेंदरी अस्तर दिलं. दुपार कलली. बासरीवाला म्हणाला, वरचा राखाडी हात आजच मारून टाकू. तात्यांना कंटाळा आला होता. ते म्हणाले, अस्तर वाळू दे की, उद्या मारू. सकाळी उजाडतं न उजाडतं तोच बोट सोडायचा हुकूम आला. ते ठिगळ तसंच उघडं, शेंदरी. त्याच दिवशी दिवस मावळल्यावर पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. कुठे? बरोबर त्या ठिगळाच्या खाली. तिथे आत खलाशांची झोपायची जागा. बासरीवाला पहारा संपवून नुकताच आडवा झाला होता. तात्या मागच्या टोकाला पहाऱ्यावर.

"मीच त्यांना नेम धरायला खूण करून दिली," तात्या म्हणाले. "ती फोन करते ना, ती त्याची बहीण. भावाच्या तोंडून माझं नाव ऐकलंय तिने. मला विचारायचं असेल, शेवटी काय बोलला. काय सांगू? की मी म्हटलं, उद्या मारू?"

लेक तोंडाला पदर लावून आत गेली. जावई बोट उचलून आपल्या टेबलाशी येऊन बसले. सांत्वन करणं त्यांना जमत नसे, त्यांना रंग तेवढा कळे. आणि त्यांच्या डोक्यात तोच किडा वळवळत होता: शेंदरी असेल, तर फोटोत ते काळं का?

उत्तर त्यांना त्यांच्याच जुन्या दवाखान्याने दिलं. तिथे दाताचे एक्सरे धुवायची एक काळोखी खोली होती आणि तिच्यात लाल दिवा लावत. का, तर त्या फिल्मला लाल दिसतच नसे. लाल उजेड म्हणजे तिच्या लेखी अंधार. लढाईच्या काळातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांची फिल्म तशीच होती. शेंदरी ठिगळ तिला दिसलं नाही, म्हणून ते काळपट उमटलं. तात्या बरोबर होते, फोटो फसवा होता.

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. हे आणखी एक पाऊल पुढे गेले. तिन्हीसांजेला माणसाच्या डोळ्यालाही लाल रंग सगळ्यांत आधी सोडून जातो, हे त्यांनी दवाखान्यात अनुभवलं होतं. संध्याकाळी दिवे गेले की गुलाबी हिरड्यांची कवळी काळवंडल्यासारखी दिसे. आणि बोट बुडाली ती दिवस मावळल्यावर.

त्यांनी ठिगळ पुन्हा रंगवायला घेतलं. या वेळी काड्या तात्यांच्या हातात. ही विटकरी झाली. ही नको, डोळ्यांत खुपते. ही, हीच, पण जरा पिवळट करा. सासरे-जावई खिडकीत डोकी जुळवून बसलेले बघून लेकीला कळेना की हसावं का रडावं. बोट पुन्हा तयार झाली तेव्हा दुपारच्या उन्हात ते ठिगळ जखमेसारखं दिसत होतं. तात्यांनी मान वळवली. "दिसतंय ना आंधळ्यालासुद्धा?"

"संध्याकाळी बघू," जावई म्हणाले.

त्या संध्याकाळी मला बोलावणं आलं, माझी नजर चांगली म्हणून. मी पक्षी बघायची दुर्बीण घेऊन गेलो. आमच्या मजल्याचा व्हरांडा लांबलचक, टोकाला मोठी खिडकी. बोट त्या टोकाला स्टुलावर ठेवली होती, ठिगळाची बाजू आमच्याकडे. या टोकाला खुर्चीत तात्या. जावई म्हणाले, बोटीच्या मापाने हे अंतर म्हणजे समुद्रातला एक मैल होतो. दिवे लावायचे नाहीत, असं सगळ्या दारांवर सांगून झालं होतं.

लेकीने नवऱ्याला बाजूला घेतलं. मला ऐकू आलं. ही नुसती समजूत काढायची युक्ती असेल तर नको, त्यांना कळेल. जावई म्हणाले, "मी काल एकट्याने करून बघितलंय. ठिगळ दिसलं असतं, तर आज त्यांना इथे बसवलंच नसतं."

उजेड उतरत गेला. आधी ठिगळ लखलखीत होतं. मग विझत्या निखाऱ्यासारखं झालं. मग खिडकीबाहेर आभाळ जांभळं पडलं, आणि कधी ते मला सांगता येणार नाही, पण बोटीच्या अंगावर फक्त गडद आणि फिके पट्टे उरले. शेंदरी चौकोन गडद पट्ट्यांतलाच एक होऊन गेला.

"माझं सोडा," तात्या म्हणाले, "मला एकच डोळा, तोही अर्धा. तुम्ही सांगा हो शेजारी. खरं सांगा."

मी खरं तेच सांगितलं. बोट दिसते, ठिगळ कुठलं ते कळत नाही.

"त्यांच्याकडे दुर्बीण होती."

मी दुर्बीण लावली. बोट मोठी झाली, ठिगळ काळंच राहिलं. माझ्याकडून ती लेकीने घेतली, तिलाही सापडेना. तात्यांचं समाधान झालं नाही. समुद्र म्हणजे व्हरांडा नव्हे, म्हणाले. लाटांवर उजेड असतो, आभाळ मोठं असतं. जावयांनी वाद घातला नाही. ते खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.

"तात्या, टॉर्पेडो तिथेच का लागला ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसणार. पण दिवस मावळल्यावर ते ठिगळ बघून कुणी नेम धरला असेल, हे शक्य नाही. तुम्ही त्या वेळी त्यावर राखाडी हात मारलेला असता, तरी बोट लांबून अशीच दिसली असती."

तात्या उठले, लेकीचा हात धरून एक एक पाऊल टाकत व्हरांडा ओलांडून बोटीपाशी गेले. खिडकीशी उरलेल्या उजेडात, अगदी जवळून, ठिगळात किंचित लाली होती. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"आळशी तर मी होतोच," म्हणाले. "तेवढं माझं. बाकीचं..." मग म्हणाले, "तो मला रोज म्हणायचा, तुझा उद्या कधी उगवत नाही. हसायचा वर."

आणि स्वतःच हसले. लेकीने बापाला बोटीचं नाव काढून हसताना पहिल्यांदा बघितलं.

फोनच्या तारखेला त्यांनी वाट बघितली नाही. सकाळीच लेकीला म्हणाले, बाळ, तिचा नंबर लाव. लेक म्हणाली, येईलच की दुपारी तिचा. "नको," तात्या म्हणाले, "आत्ता लाव." पलीकडून म्हातारा आवाज आला तशी त्यांनी दोन्ही हातांनी फोन धरला. "मी बोलतोय. तुझ्या भावाबरोबर फळीवर बसणारा. झोपलो नाहीये, बोलू दे मला." आणि त्यांनी ठिगळापासून सुरुवात केली, कंटाळा आल्यापासून. काहीही वगळलं नाही. ती काय म्हणाली हे तिचं आणि त्यांचं. मला फक्त एवढं ठाऊक की थोड्या वेळाने तात्या विचारत होते, त्याची एखादी दुसरी बासरी घरी राहिली होती का.

बोट आता त्यांच्या खिडकीत असते. कुणी आलं की विचारतं, एवढं सुरेख काम आणि हे पुढे लाल काय राहिलंय? जावई म्हणतात, तसंच होतं ते.

झाली गोष्ट. आता उठायच्या आधी माझं एक मागणं. संध्याकाळी दिवा लावाल, त्याआधी क्षणभर अंधार होऊ द्या, आणि त्या बासरीवाल्याची आठवण काढा. काम आजच उरकू या म्हणाला, दोस्ताने उद्या म्हटलं, तर हसून फळीवरून उठला. देव त्याला जवळ ठेवो.