हेडलीच्या स्वयंपाकघराचं कोडं

रोझलिंड थ्वेट शनिवारच्या पेपरसाठी शब्दकोडी रचायची. साधीसुधी नव्हेत, सूत्र बोट दाखवतं एकीकडे आणि उत्तर भलतीकडेच दबा धरून बसलेलं असतं, तसली. त्यातही तिची खासियत म्हणजे छुपा विषय. उत्तरांपैकी सात-आठ एकमेकांच्या नात्यातली निघायची, पण तसं कुठे लिहिलेलं नसायचं. विषय न कळताही कोडं सुटलं पाहिजे आणि रचणाऱ्याने आपल्या विषयाकडे स्वतः कधी बोट दाखवायचं नाही, हा या मंडळींचा दंडक. कुणाला दिसला तर दिसला. नाही दिसला तर गप्प बसायचं, मग आतल्या आत कितीही चरफड होवो.

छापायला जाण्याआधी तिची कोडी तपासायचा हेडली मार्सडेन. सेटल गावात राहणारा, निवृत्त इंजिनियर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गेल्या बारा-पंधरा वर्षांत त्याने तिचं एकही कोडं विनातक्रार परत केलं नव्हतं. 'सहा आडवं लंगडतंय.' 'एकवीस उभं ही शुद्ध लबाडी आहे, रोझलिंड, आणि तुलाही ते ठाऊक आहे.' मग ती तणतणत गुरुवारी स्किप्टनहून गाडी पकडायची, त्याच्या स्वयंपाकघरात बसून दुपारभर भांडायची आणि निघताना बहुतेक सगळं त्याच्या मनासारखं बदललेलं असायचं.

या भांडणांतच तिचा जीव त्या घरात गुंतला. पासष्टी उलटलेली बाई. स्वतःचंच हसू यायचं आणि लाजही वाटायची. शेवटी तिने तिला येत होतं ते केलं. एका कोड्यात त्याचं स्वयंपाकघर भरलं. चहादाणी, भिंतीवरचा बॅरोमीटर, खिडकीतलं जिरेनियम, तो स्वतः करायचा तो संत्र्याचा मुरंबा, त्याचा एअरडेल जातीचा कुत्रा. एकही शब्द ओढूनताणून आणलेला नव्हता. इतकं देखणं कोडं तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

"तोंड दिलंय ना देवाने?" तिची बहीण एनिड फोनवर म्हणाली. "सरळ सांगून मोकळी हो."

"तोंडाने सांगितलं तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागेल."

"मग देऊ दे की. तुम्ही कोडीवाले म्हणजे ना, दार उघडं असलं तरी खिडकीतून येणार."

बुधवारी टपालाने कोडं परत आलं. सगळी घरं त्याच्या नीटस अक्षरात भरलेली. खाली एकच ओळ: 'एकही दोष आढळला नाही. – हेडली'

रोझलिंड जिन्याच्या पायरीवरच बसली. बारा उभं तर तिला स्वतःलाही पटलेलं नव्हतं. त्याचं सूत्र कच्चं राहिलं होतं आणि ती चूक हेडलीने झोपेतही पकडली असती. म्हणजे त्याला विषय दिसला होता. आणि माणूस एरवी काट्यासारखा बोलणारा असून एकाएकी असा गुळगुळीत कधी होतो? नाही म्हणायचं असतं तेव्हा. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला तो स्वतःचा.

तरी गुरुवारी ती गेली. शुक्रवारी संपादकांना कोडं द्यायचंच होतं.

"बारा उभं नीट आहे?" कोट न काढताच तिने विचारलं.

हेडली लख्ख असलेलं पातेलं घासत होता. "नाही. भयंकर आहे."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कसं लिहिणार?" त्याने मान वळवली नाही. "पाचवं उत्तर भरलं आणि टेबलाखाली बघितलं, तर उत्तर माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपलेलं. मग भिंतीकडे बघितलं. मग बाहेर जाऊन गावाला एक चक्कर मारून आलो."

"आणि?"

"आणि काय? माझ्याने हे तपासवत नाही. तपासणारा परका असावा लागतो, रोझलिंड. या कोड्याला मी परका राहिलो नाही."

हे नकाराचं बोलणं नाही, हे कळायला तिला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती कोटासकट खाली बसली. पण हाडाची कोडी रचणारी ती. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मग दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते. उद्या द्यायचंय."

"छापू नकोस."

"काय?"

"शनिवारी निम्मा देश पेन्सिल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरणार, आणि आपण कुठे आलोय ते एकालाही कळणार नाही. मला नाही चालायचं. माझ्यासाठी केलंयस ना? मग मलाच दे."

तिला ते लागलं. आपलं सगळ्यांत चांगलं काम कुणाच्याच नजरेला पडणार नाही, हे सुखासुखी गळी उतरण्यासारखं नव्हतं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला, मग टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

"उद्या संपादकांना काय देऊ, माझं डोकं?"

"पक्षी दे. पक्ष्यांना कुणी नाही म्हणत नाही."

मग दोघांनी मिळून पक्ष्यांचं कोडं रचलं. ते अगदीच बेतास बात झालं. एकही सूत्र वादावादीशिवाय ठरलं नाही, आणि चहा दोनदा गार झाला.

सोमवारी संपादकांचा फोन आला. पक्षी जरा मिळमिळीत होते, असं त्यांनी चाचरत सांगितलं. हेडलीच्या नजरेतून हे सुटलं कसं, याचंही त्यांना नवल वाटत होतं.

"इथून पुढे तपासायला दुसरं कुणी बघा," रोझलिंड म्हणाली. "हेडलीला आता माझी कोडी तपासता येणार नाहीत."

"अरेरे. तब्येत ठीक आहे ना त्याची?"

तिच्या समोरच दाराशी बसून हेडली कुत्र्याच्या पायांचा चिखल पुसत होता, आणि कुत्रा काही केल्या चौथा पाय द्यायला तयार नव्हता.

"उत्तम आहे," ती म्हणाली.