सव्वा बोट

फॉर्ममध्ये चारच रकाने होते. नाव, पद, शिक्षण आणि संशोधनातली आवड. एका मेडिकल कॉलेजच्या वेबसाइटसाठी मी घरी बसून एकसष्ट प्राध्यापकांची पानं तयार करत होते, आणि सगळा घोळ त्या चौथ्या रकान्यात होता. औषधशास्त्राच्या पीयूषभाईंनी अकरा पानं पाठवली. बालरोग विभागाच्या डॉ. उत्कर्ष पंड्यांनी आवड म्हणून लिहिलं, बॅडमिंटन. फोन केला तर म्हणाले, "बेन, तमे पूछ्युं, एटले लख्युं!" विचारलंत म्हणून लिहिलं, यात त्यांचं काय चुकलं?

शरीररचना विभागाच्या डॉ. निरुपमा दिघे यांनी एकच शब्द पाठवला होता, तोही देवनागरीत. टाळू.

मी लॅपटॉप मिटला.

माझी कौमुदी तेव्हा सतरा महिन्यांची होती आणि तिची टाळू अजून भरली नव्हती. सासूबाई रोज आंघोळीआधी तिथे तेल थापायच्या आणि म्हणायच्या, "सलीलची तर वर्षातच भरली होती हो." सलील, माझा नवरा, कोयलीहून रिफायनरीची शिफ्ट करून यायचा तो निम्मा झोपेतच. त्याचं उत्तर ठरलेलं. "भरेल ने. मोठी झाल्यावर काय भोक घेऊन फिरणार आहे?" लस देणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, दोन वर्षांपर्यंत थांबा. ते मला पाठ होतं.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ती टाळू वाढत होती.

मी रोज सकाळी बोट ठेवून मोजायचे आणि फोनमध्ये लिहायचे. ऑगस्टात बरोबर एक बोट. सप्टेंबरात एकाहून जरा जास्त. दिवाळीनंतर सव्वा. मिटायची सोडून उघडत जाणारी टाळू म्हणजे काय असू शकतं ते मी वाचलं होतं. डोक्यात पाणी. डॉक्टरांकडे गेले तर ते हा शब्द मोठ्याने बोलतील, म्हणून गेले नव्हते. एमएस्सी झालेल्या बाईने असं वागू नये, हे मलाही कळत होतं.

तीन दिवसांनी मी दिघे मॅडमना फोन केला. गुजरातीत म्हटलं, एका शब्दाने पान भरत नाही, जरा सविस्तर हवं. त्यांनीही गुजरातीत सांगितलं, मला टायपिंगचा कंटाळा आहे, समोर या, बोलते. मग नाव विचारलं.

"शर्वरी खानविलकर."

"अगं, मग मघापासून गुजराती काय झाडतेयस? उद्या अकराला ये."

कौमुदीला घेऊन गेले. सासूबाईंना सांगितलं की ती माझ्याशिवाय राहत नाही. फतेगंजच्या आमच्या घरापासून रिक्षाने कॉलेज जेमतेम पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत मी दोनदा मोजलं. सव्वा.

मॅडमची खोली पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यात. साठीला टेकलेली, ठेंगणी बाई, केसांचा बॉबकट. मी दारात दिसताच त्या उठल्या आणि आधी भिंतीतल्या काचेच्या कपाटाचा पडदा ओढून घेतला. कपाटात काय आहे ते मला तेवढ्यात दिसलं होतं. लहान लहान कवट्या, मुठीएवढ्या काही. त्यांनी पडदा का ओढला तेही कळलं. कौमुदीला त्यातलं काहीच कळणार नव्हतं. पडदा माझ्यासाठी होता.

"हं, लिहून घे," बसता बसता त्या म्हणाल्या. "टाळू म्हणजे हाडांच्या मधली मोकळी जागा. हाडं जपून ठेवता येतात. मोकळी जागा कशी जपणार? म्हणून जिवंत बाळं बघावी लागतात. आतापर्यंत तेराशे झाली. आमच्याकडची टाळू कधी मिटते, मुलींची कधी, मुलग्यांची कधी, कमी वजनाच्या बाळांची कधी. पुस्तकातले आकडे दुसऱ्या देशांतले. ते इथल्या आयांना लावायचे आणि घाबरवायचं, हे मला पटेना."

मी लिहीत होते. म्हणजे पेन हलत होतं.

"नाहीतर आम्ही शरीररचनावाले, मढ्यांवर पोट भरणारे. आमचे हे म्हणतात, टाळूवरच्या लोण्याची ती म्हण तुझ्याचसाठी काढली असणार." त्या स्वतःच हसल्या. मी हसले नाही, तशा थांबल्या. "काय गं? मघापासून तुझा हात तिच्या डोक्यावरून हलला नाहीये."

मी हात काढला. मग सगळंच बाहेर आलं. ऑगस्ट, सप्टेंबर, दिवाळी. डोक्यात पाणी हे शब्दसुद्धा मी उच्चारले, खोलीत काही कोसळलं नाही. फोन उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा चढवून सगळ्या नोंदी वाचल्या, अगदी वरपासून.

"एक दिवससुद्धा चुकवला नाहीस?"

"नाही."

"माझे विद्यार्थी रविवार चुकवतात." त्या फोनकडेच बघत होत्या. "बोट म्हणजे कुणाचं?"

"माझंच."

"तेच गं. पण कुठलं? आणि शेंड्याशी की पेरापाशी?"

"तर्जनी. नखाच्या खाली, इथे."

खणातून त्यांनी स्टीलचं मोजायचं साधन काढलं, पट्टीला दोन जबडे बसवल्यासारखं. दोन्ही तळहातांत धरून घासलं. "गार लागलं की रडतात," म्हणाल्या. मग कौमुदीला सुटी पिन नसलेला, कागदांनी भरलेला एक क्लिपबोर्ड दिला. ती त्याचा चिमटा उघडण्यात गुंतली, तशी दोन बोटांनी हलकेच चाचपून त्यांनी माप घेतलं. तीनदा. 

"साडेचौदा मिलिमीटर. आता हात दे."

"माझा?"

"मग काय माझा?"

माझ्या तर्जनीवर ते जबडे टेकले. बारा. त्यांनी माझा हात सोडला नाही, उलटा करून पाहिला. मधल्या बोटातल्या अंगठीला मागून दोरा गुंडाळलेला होता.

"हा कधी गुंडाळलास?"

"नवरात्रात. भांडी घासताना दोनदा निसटली. बाळंतपणात सूज होती तेव्हा साबण लावून काढावी लागायची."

"वजन किती उतरलं?"

"बघितलं नाही."

"तिचं?"

"दहा किलो शंभर," मी लगेच म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फोनवर बोट टेकवून सावकाश म्हणाल्या, "बाई गं, ऑगस्टात एक बोट भरलं तेव्हा ते बोट जाडं होतं. टाळू जिथल्या तिथे आहे, कदाचित थोडी मिटलीसुद्धा असेल. तुझी पट्टी आखडली."

मला कळायला वेळ लागला. काळजीने मी वाळत होते, वाळलेल्या बोटाने टाळू मोठी दिसत होती, आणि मोठी टाळू बघून मी आणखी वाळत होते.

"खात्री आहे?"

"नाही. हा अंदाज आहे, आणि मी औषधं देणारी डॉक्टर नव्हे. चल खाली."

खाली म्हणजे डॉ. उत्कर्ष पंड्यांकडे. पस्तिशीचा उंच माणूस. माझं नाव ऐकताच म्हणाला, "अरे, वेबसाइटवाळा बेन! मारुं बॅडमिंटन काढी तो नथी नाख्युं ने?" आपलं बॅडमिंटन मी काढून तर टाकलं नाही, ही त्याची काळजी.

"एनुं पछी," ते नंतर, असं मॅडमनी दटावलं. "पहेलां छोकरी."

डॉ. पंड्यांनी कौमुदीच्या डोक्याभोवती टेप गुंडाळली. लसीच्या कार्डावरचे जुने आकडे काढले, तक्त्यावर ठिपके दिले, ठिपके जोडले. तिला चालवलं, चेंडू उचलायला लावला, डोळे पाहिले, दात मोजले, टाळूवर हात ठेवून ती रडायची थांबेपर्यंत वाट पाहिली. पूर्ण वेळ मी त्यांच्या भुवया बघत होते. त्या एकदाही जवळ आल्या नाहीत.

कार्ड माझ्यापुढे सरकवलं. जन्मापासूनची रेष छापील रेषेच्या शेजारून वर गेलेली, कुठे उडी नाही की वळण नाही. "पाणी भरलं असतं तर ही रेष अशी शांत राहिली नसती," ते हिंदी-गुजराती मिसळून म्हणाले. "छोकरी एकदम सरस. दोन महिन्यांनी परत दाखवा. आता तुम्ही या काट्यावर चढा."

"मी?"

"हा ने, मम्मी."

काट्याने सत्तेचाळीस दाखवले. लग्नातही मी चोपन्न होते. डॉ. पंड्यांनी कौमुदीच्या केसपेपरवर तिच्या वजनाखाली माझं वजन लिहिलं, आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. माझ्या रक्ताची.

वर आल्यावर मॅडमनी डबा उघडला. "तुझ्या नोंदी मला हव्यात. सही करून देशील? तेराशे बाळं मी तीन-तीन महिन्यांनी पाहिली. रोजची एकही नाही."

"पण त्या चुकीच्या आहेत ना?"

"बोट माहीत असलं की दुरुस्त करता येतात. मात्र आजपासून मोजायचं नाही. दोन महिने तो हक्क उत्कर्षचा."

"जमेल की नाही, माहीत नाही मॅडम."

"नाही जमलं तर मला फोन कर. मोजण्याच्या आधी हं." त्या खुर्चीतून उठल्या, माझ्यामागे आल्या आणि माझ्याच माथ्यावर दोन बोटं टेकवली. "हिची बघते, भरलीय का नीट."

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. त्यांनी बोटं काढली नाहीत. कौमुदी क्लिपबोर्ड सोडून आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि डब्यातल्या मेथीच्या थेपल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मं."

"आधी आईला," मॅडम म्हणाल्या.

मी तुकडा तोडला. तिखट होता. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. दुसरा तुकडा तिला दिला, तिसरा मी घेतला. मॅडमनी डबा आणखी माझ्याकडे सरकवला आणि मी छापून आणलेला त्यांचा फॉर्म मेजावरून ओढून, चौथा रकाना स्वतःच भरायला घेतला.