आश्विनातला उन्हाळा

सीताफळ अंगठ्यानं दाबलं तसं ते हलकेच आत गेलं — म्हणजे पिकलंय, आजच द्यायला हवं. कस्तुरानं ते उकललं, एकेक बी काढून पांढरा गर वाटीत जमवला आणि त्यात चिमूटभर हळद कालवली. पिवळं दिसलं तर आमरस म्हणून खपेल... खपेल का?

खाटेवर ज्योतीराम पत्र्याकडे बघत पडला होता. वैशाखात कंपनीतून परतताना पिंपरीच्या रस्त्यावर त्याची सायकल घसरली, डोकं आपटलं. तो दवाखान्यात निपचित असताना इकडे खाटेखाली गवतात पिकायला घातलेले आंबे सडून गेले — तिनंच ते नाक दाबून उकिरड्यावर ओतले. पण शुद्धीवर आला तो नवरा त्या आंब्यांपाशीच थांबलेला, त्याच्या लेखी अजून वैशाखच. पाऊस पडला, तर म्हणे वळीव आहे. शेजारच्या चिमाबाई म्हणाल्या, "व्हय म्हनत जा गं, तेवढंच त्येला बरं वाटंल." आणि ती हो म्हणत गेली, आषाढात हो, श्रावणात हो... चाकणकडून भुईमुगाच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या, तेव्हा त्या उकडून तिनं मोरीत बसून एकटीनंच खाल्ल्या — वासावरून त्याला हंगाम कळू नये म्हणून.

"कस्तुरे, आंबं पिकलं का?"

"व्हय. रस केलाय."

त्यानं चमचाभर घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला.

"ह्ये सीताफळ हाय. उन्हाळ्यात कुठनं आनलंस?"

आंबाच आहे म्हणायचं, हसायचं, वाटी पुढं करायची... पण तिचं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"उन्हाळा सरला, अवं. पाऊसबी सरला. घट बसलं."

तो रागावला नाही. दारातल्या उन्हाकडे बघत राहिला, आणि मग अगदी हळू म्हणाला, "मग मी कुठं हुतो?"

तिला वाटलं होतं, त्याला एकदा कळलं की आपलं ओझं हलकं होईल, निदान शेंगा तरी दोघं मिळून खाऊ. पण तो हरवलेले महिने तिच्या चेहऱ्यावर शोधत होता, भांबावून, आणि तिच्यापाशी द्यायला काहीच नव्हतं. इतके दिवस ती एकटी होती, तो नव्हता. आता तोही एकटा झाला होता — तिच्यामुळे, तिच्यादेखत — आणि त्याच्या खाटेपर्यंतची दोन पावलं टाकायचीसुद्धा तिला भीती वाटली.